फणसाआडची डिश

सत्यवानाने शिडीवरून डिशचा दांडा बोटभर पूर्वेला ढकलला आणि आत टीव्हीसमोर खाटेवर पडलेल्या बायकोला ओरडून विचारलं,

"इला काय गो?"

"नाय!" आतून प्रेमलताचा आवाज आला.

कट्टा गावाहून आलेला डिशवाला नितेश खाली उभा राहून मोबाइलवरचं होकायंत्र बघत होता. सकाळपासून ती डिश पडवीवर चढली, विहिरीच्या कठड्यावर बसली, न्हाणीच्या भिंतीला टेकली. तुळशीच्या वृंदावनावर बसवूया म्हटल्यावर मात्र प्रेमलताने खाटेवरूनच नितेशची अशी खरडपट्टी काढली की त्याने नंतरचा चहासुद्धा नको म्हटला.

"काका, उपग्रह थयसर आसा," त्याने आग्नेयेकडे बोट दाखवलं. "आणि मधी हो फणस. ती आडवी फांदी तोडल्याशिवाय काय दिसूचा नाय."

"दुसरी जागा खंय नाय?"

"आसा मरे. गडग्यापलीकडे, भाईंच्या खळ्यात."

सत्यवान शिडीवरून उतरला आणि पडवीत जाऊन बसला. नितेशने सामान आवरलं.

भाई म्हणजे सत्यवानाचा थोरला भाऊ. फणस नेमका दोघांच्या मधल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर. भाईंनी एकदा तो दारांच्या फळ्यांसाठी पाडायला काढला, तेव्हा सत्यवानानेच कोर्टात धाव घेऊन 'जैसे थे'चा हुकूम आणला होता. झाडाला कोणीही हात लावायचा नाही! त्या दिवशी त्याने कट्ट्याच्या बाजारात पेढे वाटले. तेव्हापासून भावांचं बोलणं तुटलं, मागोमाग दोघी जावांचंही. दावा अजून चालूच होता. पण फणसाला तो हुकूम कोणी वाचून दाखवला नव्हता. तो आपला वाढत राहिला, आणि आता त्याची फांदी सत्यवानाच्याच घरावर ओणवी झाली होती. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

श्रावण संपत आला होता. आषाढात प्रेमलता विहिरीपाशी घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती खाटेला खिळली. सत्यवान दिवसभर शेतात. ती एकटी वाशांकडे बघत पडलेली. शेवटी एकदा ती म्हणाली, "चवथ झाली काय माका संचिताकडे ठाण्याक पोचवा. हयसर भिंतीवांगडा किती बोलू?" लेकीने हे ऐकून लगेच टीव्ही पाठवून दिला. पण टीव्ही चालला नाही तर प्रेमलता जाणार, आणि एकदा गेली की परत यायची नाही, असं सत्यवानाच्या मनाने घेतलं होतं. तो घाबरला होता. घाबरला की तो चिडायचा. नितेशवर चिडून झालं, उपग्रहावर झालं, आता फणस लावणाऱ्या पणज्यावर चिडणं चाललं होतं.

अबोला असला तरी शेजारधर्माची कामं अडतातच. मग गावच्या रीतीप्रमाणे जनावरांशी बोलायचं. संध्याकाळी भाई घरापुढच्या अंगणात, खळ्यात, बैलाला गवत घालताना दिसले, तसा सत्यवान कुत्र्याला घेऊन गडग्याशी गेला.

"काय रे मोत्या," तो मोठ्याने म्हणाला, "ती फांदी तोडूक होयी. बायल खाटेर पडान आसा, टीव्ही दिसणा नाय."

भाईंनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस रे पाखऱ्या? फांदयेक हात लावल्यार आमका जेलात बसवतले. हुकूम कोणी हाडल्यान, इचार त्या कुत्र्याक."

सत्यवानाच्या तोंडाशी जोरकस उत्तर आलं होतं. पण मोत्या कंटाळला, उठला आणि सरळ घराकडे चालता झाला. सत्यवानाने दोनदा हाक मारली. कुत्रा काही वळला नाही. आता बोलायला समोर भाईंशिवाय कोणी उरलं नव्हतं.

"मियाच हाडलंय," सत्यवान पुटपुटला. मग जरा मोठ्याने म्हणाला, "मी तक्रार करूचंय नाय."

भाई बैलाला गवत घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयत्याचे घाव ऐकून सत्यवान धावत अंगणात आला. या वयात भाई फणसावर चढले होते. खाली शिडी धरून त्यांची बायको सुगंधा त्यांना शिव्या घालत होती. फांदी कडाडली आणि दोन्ही अंगणांत अर्धी अर्धी पडली. तिच्यातून पांढरा चीक गळत राहिला.

दुपारी नितेश परत आला. त्याने न्हाणीच्या भिंतीवर डिश पक्की ठोकली.

"इला काय गो?"

"इला!"

सत्यवान हात पुसत आत गेला. टीव्हीवर कोणी बाई लालभडक साडीत तावातावाने बातम्या सांगत होती. चित्र कसं झकास! त्याने कौतुकाने आवाज आणखी वाढवला आणि बायकोकडे पाहिलं. प्रेमलता कोपरावर टेकून, मान वळवून खिडकीबाहेर बघत होती. जिथे कालपर्यंत नुसता पाला होता, तिथून आता भाईंचं खळं दिसत होतं. सुगंधा बकऱ्यांसाठी पाला गोळा करता करता गडग्याला येऊन टेकली होती, आणि तिचं तोंड हलत होतं.

"आवाज बारीक करा," प्रेमलता म्हणाली.

"कित्या? बरो दिसता मा?"

"दिसता ओ. पण सुगंधा काय इचारता ता माका ऐकाक येणा नाय."

सत्यवानाने कपाळाला हात लावला. आवाज कमी करायचं बटण त्याला काही सापडेना. शेवटी त्याने सरळ प्लगच ओढून काढला.