मोकळ्या तीन जागा

सोमवारी सकाळी अस्लम तांडेल दारात आला तेव्हा काशीराम मेस्त्री अंगणात एका पाळण्याच्या दांड्यावर रंधा मारत होता. अस्लम पूर्णगडच्या खाडीवर माणसं पलीकडे नेणारा होडीवाला. त्याच्या हातात दमयंतीची चामडी पिशवी होती आणि खांद्यावर तिचा काळा कोट. दोन्हींतून पाणी गळत होतं.

"मेस्त्री, रंधा ठेवा खाली," अस्लम म्हणाला.

काशीरामने हातातला दांडा शेवटपर्यंत तासला, मग रंधा ठेवला.

"काल सांजची होडी पालथी झाली. ओहोटीचं पाणी मुखाशी लय खेचतं. पाच माणसं व्हती. चार वर आली."

"ती कुठल्या काठाला आहे?"

"ती चारांत न्हाय, मेस्त्री."

काशीरामने त्याच्या खांद्यावरून कोट घेतला, पिळला आणि ओटीवरच्या खुंटीला अडकवला. मग तो अस्लमबरोबर निघाला. दमयंती मंगळवारी दुपारी खडकांपाशी सापडली. सन छप्पनचा तो ऑक्टोबर महिना होता, आणि तिचं वय एक्केचाळीस.

दमयंती वकील होती. काशीराम चौथी शिकलेला सुतार. लग्न झालं तेव्हा ती शाळेत मास्तरीण होती, आणि मुलगी विमला पाच वर्षांची झाल्यावर तिने कायदा शिकायचं काढलं. ती कोल्हापूरला होती तेवढी वर्षं काशीराम पोरीची वेणी घालायचा, पेज करायचा, आणि मिरजोळ्याच्या वाटेवरून येणारेजाणारे त्याला ओरडून विचारायचे, "काय मेस्त्री, आज कालवण काय?" तो खरंच सांगायचा. बांगड्याचं असलं तर चव बघायला बोलवायचा. पुढे विमला सासरी गेली, आणि त्याच लोकांच्या बायका, बहिणी दमयंतीकडे येऊ लागल्या.

येणाऱ्या बहुतेक बायांचे नवरे मुंबईला. कोणाचं पत्र येई, कोणाचं येत नसे. भात त्या लावायच्या, कापायच्या, आणि एक दिवस तलाठ्याच्या दप्तरात जमिनीवर दिराचं नाव चढलेलं कळायचं. त्यावर ठरल्या मुदतीत हरकत घ्यावी लागे. मुदत गेली की संपलं.

सुरुवातीला दमयंती अर्जावर नाव, गाव, जमिनीचा नंबर सगळं लिहायची. मग चिमाचं प्रकरण झालं. चिमाचा अर्ज नक्कल करायला एका लेखनिकाकडे दिला आणि दिवस मावळायच्या आत तिच्या दिराला तो पाठ झाला. दुसऱ्या दिवशी चिमा आली ती हात गळ्यात बांधून. तेव्हापासून दमयंती या तीन जागा मोकळ्या सोडायची. खाली बाईचा अंगठा घ्यायची आणि कचेरीच्या दारात उभी राहून नाव भरायची. तोवर नाव तिच्या डोक्यात. घरी कागद ओळखायला खूण एकच. प्रत्येक बाईने आपल्या जुन्या लुगड्याचा किंवा ओढणीचा तुकडा आणायचा आणि दमयंतीने तिचे कागद त्यात बांधायचे. बाई आली की फडताळाकडे बघून आपलं बासन आपणच काढायची. वाचता येणं लागत नसे. ते फडताळ काशीरामनेच केलेलं, शिसवी, सात खणांचं. कागद पाण्यावरून न्यायचे नाहीत, हाही तिचा नेम होता. म्हणून ती गेली त्या दिवशी सातही बासनं घरात राहिली.

दहाव्या दिवशी घर धुवायला काढलं. काशीरामची बहीण हौसा सगळं बघत होती. चादरी, पडदे, अंथरुणं विहिरीवर गेली. मग ती फडताळापाशी आली.

"दादा, वैनीच्या हातची ही फडकी पण धुवायची ना? सुतकातली ठेवू नयेत."

काशीराम दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. तुकडे बायांचे आहेत हे त्याला माहीत होतं. आत नावं नाहीत हे माहीत नव्हतं. चिमाच्या प्रकरणानंतर दमयंतीने ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

"धू," तो म्हणाला.

हौसाने बासनं सोडली. कागद एकावर एक नीट रचले, वर पाटा ठेवला. फडकी स्वच्छ धुऊन दोरीवर घातली. ती वाऱ्याने हलत होती, आणि काशीरामला वाटलं सात बाया अंगणात ओळीने उभ्या राहून वकीलबाईची वाट बघतायत.

तेराव्यानंतर पहिली आली रझिया, मिऱ्याची. दोरीवरून आपला तुकडा तिने लगेच ओढला. "हा माझा. कागद कुठाय, मेस्त्री?"

काशीरामने गठ्ठा काढला. वरचा कागद वाचला, दुसरा वाचला. नाव कुठेच नव्हतं. मग त्याला एकच सुचलं. तो कागद मोठ्याने वाचू लागला. तिसऱ्या कागदाला रझिया म्हणाली, "थांबा. ही मीच."

तशा सहाजणी झाल्या. कोणी स्वतः आल्या, कोणाला चिमाने निरोप धाडून आणलं. दुसऱ्या वकिलांनी त्यांचे अर्ज दाखल केले. राहिला एक कागद आणि एक तुकडा. तुकडा हिरव्या लुगड्याचा, काठ तांबडा, आणि मधे पांढऱ्या दोऱ्याने रफू केलेलं. कागदाच्या कडेला दमयंतीच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : 'हरकत मंगळवार ता. ११ डिसेंबरच्या आत.'

काशीरामने तो कागद इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. 'माझा नवरा मुंबईस गेला त्यास नऊ वर्षे झाली. पत्र नाही. विहिरीलगतचे दोन तुकडे मी करते. मला मूल नाही. दीर म्हणतो, तुझे काय आहे येथे.' दुपारी तो अंगणात काम करायचा तेव्हा ही वाक्यं त्याला ओटीवरून ऐकू यायची, दमयंतीच्या आवाजात. ती लिहिताना ओठांनी वाचायची. शेवटच्या वाक्यापाशी थांबून पेन्सिल दातांवर आपटायची. तेवढा टकटक आवाज झाला की तो मागे बघायचा. खुंटीला कोट असायचा. खाडीच्या पाण्यातलं मीठ त्यात बसलं होतं, त्यामुळे दमट हवा आली की कोट पुन्हा ओला व्हायचा. हौसाने तो गोड्या पाण्यात घालू म्हटलं तर काशीराम म्हणाला, "आता या घरातलं काही धुवायचं नाही."

तुकडा घेऊन तो बाजाराच्या गावांना फिरू लागला. सावर्ड्याच्या बाजारात तो हातावर तुकडा टाकून सकाळपासून उभा राहिला. एक म्हातारी जवळ आली, कापड चोळून बघितलं.

"केवढ्याला?"

"विकायचं नाही. कोणाचं ते शोधतोय."

"फाटक्याचा धनी शोधतोस? नव्याचा गावत न्हाय हितं," ती म्हणाली आणि हसत पुढे गेली.

गावोगाव तो ओट्यांवर बसून कागद वाचून दाखवायचा. बाया हातातलं काम ठेवून ऐकायच्या. एका गावात गंगुबाई नावाची बाई वाचन संपल्यावरही जागची उठली नाही.

"तुमचा आहे का?" काशीरामने विचारलं.

"माझा न्हाय. मी कुठं अंगठा दिलाय? पण सगळं असंच हाय," ती म्हणाली. "ती विहीर पण."

असं त्याला पाच गावांत ऐकायला मिळालं.

डिसेंबर उजाडला तेव्हा तो पूर्णगडला अस्लमकडे गेला. त्या दिवसानंतर तो तिकडे फिरकला नव्हता. अस्लम जाळं दुरुस्त करत होता. काशीरामने तुकडा पुढे केला आणि अस्लमच्या हातातली सुई थांबली.

"हे लुगडं मी बघितलंय."

"कुठे?"

"होडीत. वकीलबायच्या बाजूला बसली व्हती ती. दोघींचं हळूहळू बोलणं चाललं व्हतं. बाय मांडीवरच्या कोटाला हात लावून सांगत व्हती, मी हा घालून आले ना, तुझा दीर कोट बघूनच अर्धा गार व्हईल. ती बाई हसली तोंडाला पदर लावून."

"मग?"

"मग पालथी झाली. बायनं तिला वर ढकललान. मी तिचा हात धरला. दुसऱ्यांदा हात घातला तो रिकामा आला." अस्लम जाळ्याकडे बघत होता. "ती पलीकडच्या काठाला उतरली. बसून लुगडं पिळत व्हती. मी विचारलं, गाव कुठलं, तर बोलली न्हाय. माझ्यापायी गेली, माझ्यापायी गेली, येवढंच. मग दक्षिणेकडं चालत गेली."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं असतं, हिला काढलीस मग तिला का न्हाय. काय सांगणार व्हतो?"

काशीरामने तुकड्याची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मला पलीकडे सोड."

अस्लमने होडी काढली. खाडीच्या मधोमध दोघेही दुसरीकडे बघत होते. पलीकडे काशीराम आठ दिवस फिरला. लोकांना तो तुकडा दाखवायचा, निरोप ठेवायचा : वकीलबाईच्या नवऱ्याचा राग नाही, बाईने यावं, मुदत आहे. एका घराच्या मागीलदारी त्याला विहीर दिसली, लगत दोन खाचरं दिसली. दारात एक पुरुष उभा होता. "इथं कोण बाईबिई राहत नाही," त्याने न विचारताच सांगितलं. हिरवं लुगडं दिसतं का म्हणून काशीरामने वाळत घालायच्या दोरीवर बघितलं. दोरी रिकामी होती.

तो तिथून निघाला. घर तेच असेल असं त्याला वाटलं, पण अशाच विहिरी आणखी तीन गावांत बघितल्या होत्या.

अकरा तारखेला तो सकाळी कचेरीत जाऊन बसला. कागद हिरव्या तुकड्यात बांधला होता. कारकुनाने तो वाचला, उलटला, अंगठा बघितला.

"मेस्त्री, नाव?"

"माहीत नाही."

"गाव? नंबर?"

काशीरामने नकारार्थी मान हलवली.

"वकीलबाईंचं अक्षर मी ओळखतो," कारकून हळू आवाजात म्हणाला. "त्या असत्या तर इथंच उभ्या राहून भरलं असतं. पण नुसता अंगठा कसा दाखल करू? हरकत कोणाची म्हणू?"

समोर दौत होती, टाक होता. चार गावांपैकी कुठलंही एक लिहिता आलं असतं. काशीरामने टाक उचलला आणि परत ठेवला. कचेरी बंद होईपर्यंत तो दाराशी बसून येणारी प्रत्येक बाई बघत राहिला. मग घरी आला.

हौसा ओटीवर बसली होती. "आली का रे ती?"

"नाही."

"मी धुतलं नसतं तर?"

"धू असं मीच म्हटलं होतं," काशीराम म्हणाला. "आणि तुकडा तर तिचाच आहे. ती आली असती तर ओळखलाच असता."

त्याने कागद फडताळात खालच्या खणात ठेवला. ओटीवर हवा दमट होती. कोटाच्या बाहीला हात लावला तर ओली लागली.

दर पंधरवड्याला तो अजून खाडीपलीकडे जातो. मुदत गेली आहे, पण उशिराने अर्ज देता येतो का ते दुसऱ्या वकिलाने बघतो म्हटलं आहे. त्यालाही आधी नाव लागेल. बाई सापडलेली नाही. कागदावरच्या तीनही जागा भरायच्या राहिल्या आहेत.