अनस्क्रीन्ड : अर्थ चौथा

अनस्क्रीन्ड (विशेषण)

१. न चाळलेला. 'पायवाटेवर न चाळलेली खडी टाकली.'

हे वाक्य माझं. एडिनबराच्या आमच्या कोशकचेरीत प्रत्येक अर्थाला उदाहरण लागतं. ती मी लिहिते. खाली नाव येत नाही.

२. आडोसा नसलेला. 'त्यांची बाग रस्त्यावरून सगळी दिसते.'

बाग डॉ. किनर्डांची. फाटकासमोर मी बरेचदा उभी राहिले आहे.

३. पडद्यावर न आलेला. 'चित्रपट डब्यातच राहिला.'

घाईत उरकलं. मला चौथा गाठायचा होता.

४. (वैद्यक) न तपासलेला. 'रक्त न तपासलेलं आहे हे डॉक्टरला ठाऊक होतं. तरी त्याने ते रुग्णाला दिलं.'

रुग्ण म्हणजे माझा भाऊ रोरी. त्या रक्तातल्या संसर्गानेच तो गेला. डॉक्टर म्हणजे किनर्ड. चौकशीत म्हणाले, "मला कल्पनाच नव्हती." आता निवृत्त आहेत, आमच्या कोशाचे वैद्यकीय सल्लागार. त्यांच्या सहीशिवाय चौथा अर्थ छापला जात नाही. माझं सासरचं आडनाव त्यांना काहीच सांगत नाही.

"चहा घ्या, डॉक्टर. दूध तपासलेलं आहे."

ते हसले. मग वाक्य वाचलं.

"इश्बेल, फार बोचरं झालंय गं. 'डॉक्टर' काढ, 'रुग्णालय' टाक."

"काढते की. चूक असेल तर काढतोच आम्ही. काय चुकलं ते समासात लिहा आणि खाली सही करा."

"अगं, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं!"

"मग तेच लिहा."

त्यांनी पेन उघडलं.

"फक्त एक आठवून बघा," मी म्हणाले. "रोरीच्या खाटेशी लाल कोटातली एक मुलगी बसली होती. तुम्ही नर्सला म्हणालात, 'तपासलेलं यायला वेळ आहे, हेच लाव. आईला सांगू नकोस.' पोरीला काय कळतंय, असं वाटलं असेल तुम्हाला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चहावर साय धरली.

"तू... त्याची बहीण?"

"लिहा ना, डॉक्टर. चूक आहे म्हणून. माझ्यासमोर."

समास कोराच राहिला. त्यांनी वाक्याखाली सही केली.

कोश निघाला. पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे. मानाची प्रत मी स्वतः नेऊन दिली, या शब्दाचं पान दुमडून.

वापर : चौथ्या अर्थाच्या उदाहरणात माणसाचं नाव देण्याची पद्धत अजून तरी नाही. पुढच्या आवृत्तीचं कामही माझ्याकडेच आहे.