एकतीस मेला जन्मलेली माणसं

धायरीतल्या त्या मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा एवढा ढीग, की आत जायला चपलांवरूनच चालावं लागत होतं. २००४ सालचा जूनमधला रविवार. स्टेजवर समई, उदबत्त्या, आणि मधोमध झेंडूचा हार घातलेला कॉम्प्युटर. मॉनिटरला कुंकू. माऊसवर तुळशीचं पान, आणि ते दर क्लिकला घरंगळलं की एक भक्त ते उचलून परत ठेवायचा. त्याला तेवढंच काम.

मागे दीनानाथ महाराज. "हे यंत्र नव्हे," ते माईकवर सांगत होते, "ही चित्रगुप्ताची वही आहे. शाळेला फसवाल, सरकारला फसवाल. हिला नाही."

पहिला मान हिंमतराव रिक्षावाल्यांचा. त्यांनी तारीख सांगितली एक जून एकोणीसशे पन्नास. महाराजांनी टाईप केली, बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: एकतीस मे.

हॉलच्या कडेला उभ्या अनिरुद्धने लगेच चूक ओळखली. कारण ती चित्रगुप्ताची वही त्यानेच लिहिली होती. आमचा अन्या म्हणजे अकोल्याचा पोरगा, इथे सॉफ्टवेअर कंपनीत लागून दीड वर्ष झालेलं, धायरीत खोली. घरमालक महाराजांचे भक्त, त्यांनी गळ घातली, म्हणून याने ऑफिसमधल्या अमेरिकन प्रोजेक्टचा तारखांचा कोड उचलला आणि पत्रिकेचा प्रोग्रॅम करून दिला. आणि आता पहिलीच तारीख चुकलेली, अख्ख्या गावासमोर.

"महाराज, एक मिनिट, ते जरा..." म्हणत तो पुढे सरकला.

महाराजांनी पडद्याकडे दोनच सेकंद बघितलं. मग डोळे मिटले. "हिंमतराव, तुमची तारीख गुरुजींनी ठोकून दिली होती, खरं की खोटं?"

आता हे तुम्हालाही माहितीये, आपल्याकडे गावोगावच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. पोर शाळेत न्यायचं, जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही, मग गुरुजी आपले शाळेच्या हिशोबाने एक जून लिहून मोकळे. पण त्या क्षणी हे कुणाला आठवतंय? हिंमतरावांना तर घामच फुटला. "खरं हाय की," ते म्हणाले आणि थेट महाराजांच्या पायावर पडले. हॉल टाळ्यांनी दणाणला. कुणीतरी अन्याला ओढत स्टेजवर नेलं, शाल, नारळ, "इंजिनिअरसाहेब" म्हणून फोटो.

अन्याच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते त्याने नारळासकट घरी नेलं.

पुढच्या रविवारी परत गर्दी, दुप्पट. ज्यांच्याकडे दवाखान्याचा दाखला होता, त्यांना महाराज सांगायचे की दवाखाना इंग्रजी पद्धतीने मध्यरात्रीपासून दिवस मोजतो, यंत्र शास्त्राप्रमाणे. जन्मवेळ नको, ती मी कपाळावरून वाचतो, असंही म्हणायचे. प्रत्येकाची तारीख एक दिवस मागे जायची, प्रत्येकाची पत्रिका फिरायची, आणि फिरलेल्या पत्रिकेला महाराजांकडे ग्रहांची शांत असायची. अन्या स्वतःला म्हणायचा, कुणाचं काय बिघडतंय? लोक खूश आहेत.

बिघडलं ते वेणूबाईंच्या खाणावळीत. वेणूबाई त्याच्याच वऱ्हाडातल्या. धायरीत पंधरा-वीस पोरांना जेवू घालायच्या आणि अन्याला न मागता ठेच्याचा गोळा वाढायच्या. त्यांच्या पोटात गाठ निघाली होती, अंगावरून जात होतं. डॉक्टरीणबाईंनी सोमवारची ऑपरेशनची तारीख दिली होती, म्हणाल्या होत्या गाठ काढून तपासायलाच हवी, उशीर नको. त्या सोमवारी अन्या जेवायला गेला, तर वेणूबाई चुलीपाशीच. चेहरा पिठासारखा पांढरा.

"गेला नाहीत?"

"महाराज म्हन्ते चाळीस दिवस आंगाले पातं लावू नको. माहा जलम एक जूनचा नाही, एकतीस मेचा हाय." आणि मग अगदी कौतुकाने, "तुह्याच मशीननं सांगतलं ना रे."

अन्याने हातातला घास ताटात ठेवला. तेव्हाच, तिथेच सांगायला हवं होतं. तो पाणी प्यायला आणि उठला. पुढचे पाच दिवस तो खाणावळीकडे फिरकला नाही, वडापाव खाऊन राहिला. शनिवारी त्याला कळलं, भाकरी थापता थापता वेणूबाई चक्कर येऊन पडल्या, आणि सलाईन लावून परत घरी आल्या, ऑपरेशन न करता.

शनिवारीही अन्याचं ऑफिस चालू असायचं. तिथे येरवड्याहून येणारी आम्रपाली होती, दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणं हीच तिची नोकरी. अन्याने तिला सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही. तिने विचारलं, "तू हे टेस्ट कुठे केलंस?"

"इथेच. इथे तारीख बरोबर येते."

"तुझ्या मशीनवर आत्ता किती वाजलेत?"

दुपारचे तीन वाजले होते. कोपऱ्यातलं घड्याळ दाखवत होतं पहाटेचे साडेपाच. क्लायंट न्यूयॉर्कचा, म्हणून अख्ख्या ऑफिसची मशीनं न्यूयॉर्कच्या वेळेवर ठेवलेली. इतकी सवय, की ते घड्याळ कुणी बघायचंच नाही.

"छान," आम्रपाली म्हणाली. "राहायला धायरीत, चुका अमेरिकेच्या. उद्या मी येते तुझ्या दर्शनाला."

रविवारी ती रांगेत उभी राहिली. घरातल्या मोठ्यांची पत्रिका आहे म्हणाली आणि तारीख दिली पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस. पडद्यावर आलं चौदा. महाराज म्हणाले, यंत्र चुकत नाही, खरी तारीख चौदाच. आम्रपाली लोकांकडे वळली. "ऐकलंत? देश एक दिवस आधीच स्वतंत्र झाला होता. आपण उगाच दुसऱ्या दिवशी झेंडा लावतोय."

लोक हसले. पण महाराज कच्चे नव्हते. "बाळ, स्वातंत्र्य मध्यरात्री मिळालं. शास्त्रात दिवस सूर्योदयाला बदलतो. म्हणजे चौदाच." आणि हॉल परत टाळ्यांनी दणाणला. आम्रपालीने अन्याकडे बघितलं. आता तिच्या हातात काही नव्हतं. तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून वेणूबाई बसल्या होत्या.

अन्या स्टेजवर चढला. माईक न घेताच म्हणाला, "हा चमत्कार नाही. माझी चूक आहे."

महाराज म्हणाले, इंजिनिअरसाहेब दमलेत, प्रसाद द्या. पण अन्या थांबला नाही. म्हणाला, तुम्ही नुसती तारीख दिली की मशीन धरतं रात्रीचे बारा. ते ती वेळ साठवून ठेवतं इंग्लंडातल्या ग्रिनिचच्या घड्याळात, आणि ग्रिनिच आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे धायरीत एक जून लागतो, तेव्हा तिथे अजून एकतीस मेची संध्याकाळ, साडेसहा. वाचताना ते साडेपाच तास परत मिळवायचे असतात. मी ते मिळवायला विसरलो. एवढंच. न्यूयॉर्क ग्रिनिचच्याही मागे आहे, तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा ग्रिनिचला त्याच तारखेची पहाट असते, आणि आमच्या ऑफिसची मशीनं न्यूयॉर्कच्या वेळेवर, म्हणून मला कळलं नाही.

मग त्याने तुळशीचं पान बाजूला ठेवलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करून वेळ न्यूयॉर्कची केली. प्रोग्रॅम परत चालू करून हिंमतरावांची तारीख टाकली. आली एक जून. वेळ परत भारताची केली. एकतीस मे. तीनदा करून दाखवलं.

हिंमतराव पुढे आले, वाकून बघितलं. "म्हंजे अमेरिकेत मी एक तारखेचा अन् धायरीत एकतीसचा हाय व्हय?" मग महाराजांना म्हणाले, "अन् माझी शांत कुठल्या गावची केली तुम्ही?"

महाराज पूर्वजन्माचं काहीतरी बोलू लागले, पण लोक आता चपला शोधत होते.

वेणूबाई मात्र उठल्या नाहीत. अन्या त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"तुले कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मंग काहून नाही बोल्ला रे?"

अन्याने त्यांना उठवायला हात पुढे केला आणि म्हणाला, "आधी दवाखान्यात चला."

हिंमतरावांनीच रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. मंगळवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पण रक्ताच्या तीन बाटल्या द्याव्या लागल्या, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी दिलेल्या सोमवारी आल्या असत्या तर एकही लागली नसती. अन्या परत त्यांच्याकडेच जेवतो. त्या वाढतात, बोलतात, सगळं करतात. ठेचा मात्र आता मागावा लागतो.

कोडमधली चूक त्याने त्याच रात्री काढली. एका ओळीचं काम होतं. म्हणून सांगतो मित्रांनो, मशीन असो की महाराज, काही अद्भुत सांगायला लागले की आधी त्यांना असं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आणि घड्याळ कुठल्या गावचं लावलंय ते बघा. आणि चूक तुमची असेल तर लगेच सांगा, शाल अंगावर पडायच्या आत. नंतर ती फार जड होते.