खाली पडलेला गोळा

मिस्त्रींच्या मते गाडी धुणं म्हणजे गाडी स्वच्छ करणं नव्हे. धुतलेली गाडी तोंडावर पाणी मारून बसलेल्या माणसासारखी असते. समोरून टवटवीत, कानामागे मळ तसाच. हे ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. ऐकवून झालं की त्याला एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालायला लावायचे आणि धुतलेल्या बॉनेटवरून अलगद फिरवायला सांगायचे. उघड्या हाताला काचेसारखा वाटणारा पत्रा पिशवीतून बारीक वाळूसारखा लागायचा. गिऱ्हाईक चपापायचं.

"बघा," मिस्त्री म्हणायचे, "आणि ह्याच्यावर तुम्ही मेण चढवायला निघाला होतात."

पिशवीचा हा खेळ त्यांनी चाळीस वर्षं केला. आता दुकान लेकीचं होतं. किल्ल्या तिच्याकडे, वही तिच्याकडे, आणि पॉलिशचं मशीनही तिच्याच हातात. मशीन तिने गेल्या हिवाळ्यात काढून घेतलं, कारण मिस्त्रींचा उजवा हात तेव्हापासून थरथरायला लागला होता. "धुवायचं, घासायचं, पॉलिशआधीची सगळी तयारी तुमची. मशीन मी धरते," ती म्हणाली. मिस्त्री दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने बादली उचलली आणि तेव्हापासून तिला मॅनेजरीणबाई म्हणू लागले.

घरी बायकोने त्याच आठवड्यात बजावलं होतं, "तयारी तर तयारी, करा. पण हातातून वस्तू पडायला लागल्या की बास. मग घरी बसायचं. कबूल?"

मिस्त्रींनी कबूल केलं. तेव्हा काही पडत नव्हतं, त्यामुळे कबूल करायला काय जातंय.

घरी बसणं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. शेजारचे शिंपी घरी बसले होते. दिवसभर गॅलरीतून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे आणि संध्याकाळी भेटेल त्याला आकडा सांगायचे. पाऊस असला की आकडा कमी भरायचा आणि शिंपी उदास व्हायचे.

त्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आपली काळी गाडी घेऊन आल्या. गाडी जुनी पण जपलेली, मालकिणीसारखीच ताठ. दुसऱ्या दिवशी ती त्या धाकट्या बहिणीला देऊन टाकणार होत्या, आणि देताना ती झकास दिसावी एवढीच त्यांची इच्छा होती. लेकीने त्यांच्यासमोरच गाडीभोवती दिवा फिरवला आणि जुन्या खुणा एकेक करून कागदावर लिहून घेतल्या. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. उजव्या मागच्या दाराशी ते आलं तशी ती थबकली.

"इथला रंग फार पातळ आहे. कुणीतरी पूर्वी हौसेने मशीन फिरवून फिरवून उतरवलाय. नशीब, एकही ओरखडा नाही. ह्या दाराला मी मशीन लावणार नाही. नुसतं साफ करू आणि हाताने मेण चढवू."

"म्हणजे आमच्यासारखंच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी दातांवरचं कीटण खरवडायचं, चकाकी नंतर. आणि झिजलेल्या दाताच्या वाटेला जायचं नाही."

"तुमच्याकडे भूल तरी देता," मिस्त्री म्हणाले. "इथे मालक टक्क जागा असतो."

डॉक्टरीणबाई हसत दवाखान्यात गेल्या. दवाखाना दोन गल्ल्या सोडूनच होता.

मिस्त्रींनी बाह्या सारल्या. आधी चाकं, कारण सगळ्यात घाण तिथे. मग गाडीच्या अंगावर जाड फेस सोडला आणि तो आपल्या वजनाने धूळ घेऊन खाली ओघळेपर्यंत थांबले. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. मऊ हातमोजा पत्र्यावरून फिरला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच साबणात बुडवायचा. खालच्या बाजूचे डांबराचे ठिपके त्यांनी औषध लावून विरघळवले. मग लोखंडाचं औषध फवारलं. ब्रेकमधून उडालेला लोखंडाचा कीस रंगात रुतून बसलेला असतो, तो ह्या औषधाने जांभळा होऊन वाहू लागतो. काळ्या दारांवरून जांभळे ओघळ उतरताना बघणं मिस्त्रींना अजूनही आवडायचं.

"सुटतंय बघ कसं," ते लेकीला हाक मारून म्हणाले.

"चाळीस वर्षं सुटतंय, बाबा," ती आतून म्हणाली.

एवढं करूनही काही कचरा राहतोच. त्याच्यासाठी क्ले. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा. पत्र्यावर बुळबुळीत पाणी फवारायचं आणि गोळा जोर न देता मागेपुढे सरकवायचा. आधी खरखर ऐकू येते, हळूहळू ती बारीक होते आणि शेवटी गोळा आवाज न करता घसरतो. मग तो घडी घालून पुन्हा मळायचा, स्वच्छ बाजू वर आणायची आणि पुढची वीतभर जागा घ्यायची. ह्या कामाला एकच कायदा, आणि दुकानात तो मिस्त्रींनीच केलेला: गोळा जमिनीवर पडला की कचऱ्यात. कितीही नवा असो. जमिनीवरचा एक खडा त्यात शिरला की तो क्ले राहत नाही, सँडपेपर होतो.

अकराच्या सुमाराला मिस्त्री उजव्या मागच्या दारावर होते. जेमतेम वीतभर जागा उरली होती. हाताला एकदम झटका आला आणि गोळा सुटून ओल्या फरशीवर पडला.

लेक गाडीच्या पलीकडे, पाठमोरी. ती मशीनला पॅड बसवत होती. नवा गोळा तिच्या शेजारच्या कपाटात. तो मागायला गेलं की ती विचारणार, पहिल्याचं काय झालं.

मिस्त्री वाकले, गोळा उचलला, पाण्याखाली धरला, दोनदा मळला, आतली बाजू बाहेर काढली आणि राहिलेली वीतभर जागा उरकून टाकली. मध्ये एकदा कर्र झालं. मग झालं नाही.

दुपारी लेकीने मोठ्या टॉवेलने गाडी पुसून कोरडी केली आणि दिवा घेऊन एकेक पत्रा तपासू लागली. उजव्या मागच्या दाराशी ती थांबली. दिवा तिरपा केला. मग उकिडवी बसली.

मिस्त्री बादल्या धूत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण बादली धुणं थांबलं होतं.

"बाबा, इकडे या."

दारावर तीन बारीक वाकडे ओरखडे होते, मांजराने सहज नख ओढावं तसे. लेकीने सकाळचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचला. त्या दारापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"माझंच काम हे," ती म्हणाली. "पुसताना जोर दिला असणार मी. टॉवेलच्या घडीत काहीतरी राहिलं असेल. सारखी घाई, सारखी घाई. गाढव आहे मी."

मिस्त्री गप्प राहिले. गप्प राहणं त्या क्षणी सगळ्यात सोपं होतं, कारण तिने ते आपणहून अंगावर घेतलं होतं. तिने टॉवेल उलगडला, उजेडात धरला, त्यात नसलेला खडा शोधू लागली. सगळा टॉवेल वीत वीत चाचपला. मग खिशातून फोन काढला.

"कुणाला?"

"डॉक्टरीणबाईंना. माझ्या हातून झालं म्हणून सांगते. त्यांना उद्या बहिणीसमोर कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळलेलं बरं."

"ठेव तो फोन," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, लपवायचं नाही हं."

"लपवायचं नाही म्हणूनच ठेव. गोळा पडला होता."

"कधी?"

"अकराला."

"मग?"

"उचलला."

लेक पालथ्या बादलीवर बसली. बापाने दरोडा घातला म्हणून कुणी सांगितलं असतं तरी तिचा चेहरा इतका उतरला नसता.

"तुम्ही उचललात? तुम्ही? मी शाळेत होते, कोरा गोळा पडला माझ्या हातून, तेव्हा तुम्ही हातावर फटका मारला होता. पडला म्हणून नाही. उचलायला वाकले म्हणून!"

"हळू मारला होता."

"हळू? आई विचारत होती, हात कशाने सुजला."

"तुझ्या आईला सगळंच सुजलेलं दिसतं."

तिला हसू आलं आणि त्याचाच तिला आणखी राग आला. "बाबा, मी टॉवेल चाचपत बसले होते, तुम्ही बघत होतात."

"होतो," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी उजवा हात डाव्यात धरला, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सोडून दिला. "तुझ्या आईला शब्द दिलाय. वस्तू पडायला लागल्या की घरी बसायचं. मला त्या शिंप्याबरोबर गाड्या मोजायच्या नाहीत, पोरी. मला गाड्या हव्यात, पण अशा लपवून नाहीत."

लेकीने टॉवेलची घडी घातली.

"वस्तू पडतात ते मला माहीत आहे," ती मग म्हणाली. "काल बाटली पडली. परवा झाकण. त्याच्या आदल्या दिवशी ब्रश, दोनदा."

"बादलीत पडला होता तो."

"बादलीत पडला तरी आवाज येतो."

"मग आईला बोलली नाहीस?"

"मी काय दवंडी पिटत हिंडते? पडतंय त्याचं मला काही नाही, बाबा. उचललात आणि गप्प बसलात, ते नाही आवडलं. मोठ्याने सांगितलं असतंत तर नवा गोळा दिला असता, एवढंच."

तिने फोन लावला आणि घडलं तसं सांगितलं. डॉक्टरीणबाई दोन पेशंटच्या मधल्या वेळात आल्या, मास्क हनुवटीवर ओढलेला. वाकून दार बघितलं.

"किती खोल आहेत?"

"हाताने घासून दोन जातील," लेक म्हणाली. "तिसऱ्याचं सांगता येत नाही. रंग टिकत असेल तिथवरच मी जाणार."

"माझ्या हातून झालंय," मिस्त्री मध्येच म्हणाले. "तिचा काही दोष नाही. हात हलला, गोळा पडला, तोच मी पुन्हा वापरला."

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाठ केली आणि मिस्त्रींचा हात मनगटाशी धरून उताणा केला, पालथा केला. "हा कुणाला दाखवलात?"

"हात आहे तो. दात नाही."

"म्हणूनच मला नाही, त्यातल्या डॉक्टरला दाखवा. ह्याच आठवड्यात. ओरखड्याबद्दल माझं एवढंच मागणं. बहिणीचं काय, ती पहिल्याच महिन्यात खांबाला घासून आणणार आहे, मी ओळखते तिला."

त्या गेल्यावर लेकीने मऊ फडकं बोटाला गुंडाळलं, त्यावर पॉलिशचा थेंब घेतला आणि कामाला लागली. दहा हात मारायचे, पुसायचं, यंत्र लावून जाडी बघायची. पुन्हा दहा. मिस्त्री शेजारी बसून दिवा धरायला गेले, तर दारावरचा उजेड नाचायला लागला. लेकीने दिवा स्टँडला अडकवला आणि त्यांच्या हातात फडकं दिलं. मग ती घासायची आणि ते पुसायचे. दोन ओरखडे गेले. तिसरा इतका फिका झाला की दिवा तिरपा केल्याशिवाय दिसेना. तिथे ती थांबली.

"आणखी चार हात मारलेस तर जाईल."

"आणि रंगही जाईल. कुणी शिकवलं मला हे?"

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. लेकीने कागदावर लिहिलं: उजवं मागचं दार, एक बारीक ओरखडा, आमच्या हातून.

"'माझ्या' लिही. मिस्त्रींच्या."

"दुकानाचा कागद आहे, बाबा. तुमची डायरी नव्हे. आणि आज घरी गेल्यावर आईला तुम्हीच सांगायचं. मी तोंड उघडणार नाही."

बायको संध्याकाळी भाजी निवडत बसली होती. मिस्त्री समोर बसले, उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले आणि गोळ्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळं सांगून टाकलं. बायकोचे हात थांबले नाहीत.

"मला नवीन काय सांगितलंत? कपाट उघडून बघा. सहा कप होते, तीन राहिलेत. मी विचारलं कधी?"

"मग आता? घरी बसू?"

"घरी? आणि राहिलेले तीनही फोडू द्यायचे?" ती म्हणाली. मग भाजी बाजूला सारून तिने त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तो थरथरत राहिला तसा राहू दिला. "डॉक्टरकडे उद्याच जायचं. मी येणार बरोबर. तिथे गेल्यावर तुम्ही विनोद करत बसता."

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, हात पहिल्यासारखा होईलच असं काही सांगितलं नाही. दुकानातही लेकीने आपली बाजू ठामपणे मांडली. काळ्या गाड्या आणि पातळ रंग ह्यांना मिस्त्रींनी हात लावायचा नाही. पांढऱ्या गाड्या, चाकं, काचा, दारांच्या खालच्या कडा त्यांच्या. मिस्त्रींनी वाद घालून पाहिला, एक करडी गाडी पदरात पाडून घेतली आणि बाकीचं सोडून दिलं. मग तिने क्लेचा अख्खा गोळा सुरीने कापला, सुपारीएवढे आठ तुकडे केले आणि एका थाळीत मांडून त्यांच्यासमोर ठेवले.

"पडला की ओरडायचं. उचलायचा नाही."

"आणि आठही पडले तर?"

"तर नवा कापीन."

पुढच्याच सकाळी पांढरी व्हॅन आली. मिस्त्री दारावर, लेक पलीकडे बॉनेटवर. पाच मिनिटं गेली नाहीत तोच पहिला तुकडा सुटला. मिस्त्रींचं अंग सवयीने वाकायला लागलं, ते त्यांनी अर्ध्यावर थांबवलं.

"पडला!"

"टाका!" लेक म्हणाली. तिने मान वर केली नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन गेले. चौथा पडला तेव्हा मिस्त्रींना जरा लाज वाटली आणि ते पुटपुटल्यासारखं बोलले.

"ऐकू आलं नाही," पलीकडून आवाज आला.

"पडला गं बाई, पडला!" मिस्त्री असे खेकसले की रस्त्याने जाणारा पोस्टमन सायकल थांबवून, काय पडलं ते बघायला दारात आला.