मामींच्या बाजूचा पत्रा

पायाखालची जमीन सरकली, असं आपण सहज म्हणतो. माझ्या सासूबाईंच्या पायाखालचा पत्रा खरोखरच सरकला, आणि तोही गाडी चालू असताना. सासऱ्यांच्या जुन्या जीपमध्ये त्या पुढे शेजारी बसल्या होत्या. गाडीने खड्डा घेतला, त्यांनी नेहमीसारखा पाय रोवला, आणि रबरी चटई, तिच्याखालचं प्लायवूड, त्याखालचा गंजका पत्रा असं सगळं घेऊन तो पाय थेट खाली गेला. चप्पल रस्त्यावर पडली. नडगी खरचटली, त्याहून जास्त काही झालं नाही. त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून मागे गेल्या, चप्पल पायात अडकवली आणि उरलेला चढ चालत घरी आल्या. तेव्हापासून त्या गाडीत बसेनात.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. त्यांचं घर डोंगराच्या अंगावर आहे. रस्ता म्हणजे दगडांची रास. बस खालच्या वळणावरच थांबते आणि भाड्याची गाडी वर यायला तयार होत नाही. वर येते ती फक्त मामांची जीप. कुठेही चढते म्हणून घरात तिला सगळे बकरी म्हणतात. मामी खाली बाजाराजवळ शिवणाचा वर्ग चालवतात. गुडघे दुखरे, हातात कापडाची पिशवी, आणि आता रोज पायी उतरणं-चढणं. मामा पहिल्या गिअरमध्ये गाडी टाकून त्यांच्या मागे मागे जायचे. खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, "अगं बस गं." मामी मान वळवायच्या नाहीत. दोघांची ही वरात पाहून पोस्टमन सायकलवरून उतरून बाजूला उभा राहायचा.

बायको मला म्हणाली, "तुझं कामच पत्र्याचं आणि माझी आई पायी चढतेय. लोक काय म्हणतील?"

लोक काही म्हणत नव्हते. ती म्हणत होती. मी वेल्डिंगचं मशीन बसने खालच्या वळणापर्यंत नेलं आणि तिथून मामांच्या जीपमध्ये टाकून वर गेलो.

गेल्या गेल्या मामींना म्हटलं, "घाबरू नका, असा पत्रा घालून देतो की हत्ती उभा राहील."

"घाबरलंय कोण?" मामी म्हणाल्या. "लोखंड आहे, गंजणारच. पण ह्यांना माहीत होतं हो. ते प्लायवूड काय आपोआप उगवलं तिथे?"

मामा तेवढ्यात पान्हे शोधायला शेडमध्ये गेले. पान्हे त्यांच्या खिशातच होते.

काम शेडमध्येच करायचं ठरलं. सीटा काढल्या, चटई गुंडाळली आणि मी हातोडी घेऊन खाली बसलो. आमच्या धंद्यात आधी पत्रा वाजवून बघतात. चांगला पत्रा टणकन बोलतो, गंजलेला दबक्या आवाजात कुरकुरतो. जिथे आवाज खराब तिथे खडूने गोल करायचा, म्हणजे कापायचं किती ते कळतं. मामींच्या बाजूला मी खडू हातात घेतला आणि परत खिशात टाकला. गोल करायला काही शिल्लकच नव्हतं.

मामांची दुरुस्तीची पद्धत मला लग्नापासून माहीत आहे. ते काढत काही नाहीत, वरून लावतात. घराच्या भिंतीला ओल आली तर कॅलेंडर, नळ गळायला लागला तर फडकं. पण इथे त्यांनी कमाल केली होती. छिन्नीने मी एकेक थर उचकटत गेलो. प्लायवूडखाली डांबर. डांबराखाली तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा. त्याखाली पुन्हा डांबर, आणि त्यात रिवेट ठोकून बसवलेलं एक चौकोनी झाकण. पाणी या थरांच्या मधे जाऊन बसलं होतं आणि आरामात खात होतं. मूळचा पत्रा बिस्किटासारखा चुरा होऊन माझ्या हातात आला.

मामी तेवढ्यात चहा घेऊन आल्या. त्यांनी ते झाकण उचललं, पदराने पुसलं आणि त्यावरची फिकट फुलं बघत उभ्या राहिल्या.

"अहो," त्या मामांना म्हणाल्या, "हे माझ्या बटणांच्या डब्याचं झाकण."

मामा चहा पीत होते. पीतच राहिले.

"घरभर शोधलं मी हे. आणि तुम्ही माझ्याबरोबर शोधत होतात. पलंगाखाली वाकून बघितलंत की!"

मला हसू आवरेना, म्हणून मी तोंड चासीत खुपसलं. पण मामी हसत नव्हत्या.

"अगं, त्या वेळी पत्रा मिळेना," मामा म्हणाले. "आणि माझ्या बाजूलाही तसंच आहे. मी काय स्वतःसाठी चांगला घालून घेतला नाहीये. बघ हवं तर."

खरं होतं ते. त्यांच्या बाजूची चटई मी उचलली, तर तिथेही तीच गत. पेडलांखाली तर सरळ जमीन दिसत होती.

"मग तुमचा पाय कसा नाही गेला?" मामींनी विचारलं.

"मला माहीत होतं ना कुठे ठेवायचा ते. इथे ही आडवी पट्टी आहे, तिच्यावर टाच." त्यांनी बोट दाखवलं, आणि दाखवता दाखवता आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं," मामी म्हणाल्या. झाकण घेऊन त्या घरात गेल्या. चहाचे कप तसेच राहिले.

मला मामांचा राग आला होता, पण जावई म्हणजे राग गिळायची नोकरी. मी काम सुरू केलं. आधी दोन्ही दारांच्या चौकटींत वरच्या बाजूला आडवे पाइप वेल्ड करून घेतले. तळ कापला की वरचं अंग बसतं, मग दारं लागत नाहीत. आधार दिल्याशिवाय कापणारा पस्तावतो. मग ग्राइंडरने खराब भाग कापून काढला, चांगला पत्रा लागेपर्यंत. पुठ्ठ्याचे साचे कापले, त्यावरून नवा जाड पत्रा कापला, कडा वाकवल्या, जागेवर बसवला. मामा सगळ्याला हात लावत होते, धर म्हटलं की धरत होते, आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "आज होईल ना?"

"टाके मारतोय अजून," मी सांगायचो. टाका म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका. आधी लांब लांब ठिपके मारून पत्रा नुसता धरून ठेवायचा, मग हळूहळू मधल्या जागा भरायच्या. एका दमात शिवण ओढली तर पत्रा तापून पापडासारखा वाकडा होतो.

मामींच्या बाजूला टाके मारून झाले आणि वेल्डिंगची तार संपली. मामांना म्हटलं, "तार घेऊन येतो. कशाला हात लावू नका." ही माझी चूक. मामांना असं सांगणं म्हणजे काम नेमून देणं.

परत आलो तर शेडमधून डांबराचा वास येत होता. जीपचा तळ काळाभोर चकाकत होता. मामांनी माझ्या ठिपक्यांवर, सांध्यांवर, सगळीकडे डांबर फासून टाकलं होतं. त्यावर चटई पसरली होती, पुढच्या दोन्ही सीटा आणून ठेवल्या होत्या. आणि मामी वर्गाला निघालेल्या, पिशवी खांद्याला, एक पाय पायरीवर. मामा दार धरून उभे होते. "बघ, झालं," ते सांगत होते. "एकदम नवा. बस आता."

"मामी, बसू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की माझा मीच दचकलो.

"झालंय की ते," मामा म्हणाले.

"झालेलं नाही. नुसता धरून ठेवलाय पत्रा. एक खड्डा लागला तर टाके सुटतील. कसलं डांबर फासलंत तुम्ही?"

मामींनी पायरीवरचा पाय खाली घेतला. मामांकडे बघितलंही नाही. पिशवी सारखी केली आणि उतार धरला. त्या चिडल्या असत्या, भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांचं ते गुपचूप जाणं मला बघवेना. या वेळी मामा गाडी घेऊन मागे जाऊ शकत नव्हते, म्हणून ते फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

ते परत आल्यावर मी राग गिळला नाही. म्हटलं, "मामा, पत्रा मी हवा तेवढा जाड घालीन. उद्या म्हणाल तर दुहेरी घालीन. पण आता त्या तुमच्या शब्दावर पाय ठेवणार नाहीत. ते वेल्डिंग मला येत नाही."

मामा सीटवर बसले. म्हणाले, "ती चालताना गुडघा धरते, बघितलंय तुम्ही? मोठ्या दगडापाशी आली की थांबते, आजूबाजूला बघते, मग धरते. मी मागून रोज बघतो. म्हटलं, आज बसली तर तेवढीच एक खेप वाचेल."

"मग हे असंच सांगा ना त्यांना. डांबर कशाला?"

त्यांनी चटईची कड उचलून खालचं डांबर बघितलं. मला मात्र जरा जास्तच बोलल्यासारखं वाटलं. पण शब्द परत घ्यावा असंही वाटलं नाही.

डांबरावर वेल्डिंग होत नाही. पेट घेतं ते. सगळं खरवडून काढणं भाग होतं. खरवडणी मी हातात घेणार, तेवढ्यात मामांनी ती घेतली. गुडघ्यांवर बसून, रॉकेलमध्ये भिजवलेली फडकी घेऊन, ते एकेक सांधा पांढरा होईपर्यंत घासत राहिले. मी म्हटलं, "मी करतो." ते म्हणाले, "तुम्ही बसा, जावईबापू." इतक्या वर्षांत वरचा थर काढताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. संध्याकाळी मामी वर आल्या तेव्हा ते तसेच वाकलेले होते, कोपरापर्यंत काळे. मामी शेडच्या दाराशी थोड्या थबकल्या, मग आत गेल्या.

पुढचं काम मग वेळ घेऊनच झालं. शिवणी भरल्या, घासल्या, प्रायमर मारला, सांध्यांत सीलर भरला, खालून-वरून रंग दिला. चौकटींतले पाइप कापून टाकले आणि दारं लावून बघितली. खट्कन लागली. माझा जीव भांड्यात पडला. मामांनी माझी हातोडी मागून घेतली आणि दोन्ही बाजूंचा तळ स्वतः वाजवून बघितला. डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसे कान लावून, हळूहळू. मामींच्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात, ते थांबले.

"इथे आवाज वेगळा येतोय."

"तेवढा जुना पत्रा ठेवलाय," मी म्हणालो. "चांगला आहे तो. बाकीच्यापेक्षा पातळ आहे जरा, म्हणून तसा वाजतो. काही होत नाही त्याला."

त्यांनी तिथे परत वाजवलं. परत ऐकलं. "बरं," म्हणाले.

सीटा बसवल्या. बायकोने आईसाठी नवी चटई पाठवली होती, ती मी पसरायला घेतली तर मामांनी काढून घेतली आणि गुंडाळून मागे टाकली. मामी वर्गाला निघायच्या वेळेला बाहेर आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांची वाट शेडवरूनच जायची. मामा त्यांच्या बाजूचं दार उघडून उभे होते. "बस" म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या खिशातला खडू घेतला, आत वाकले आणि नव्या रंगावर, पुढच्या कोपऱ्यात, एक गोल काढला. रंग पुरता वाळला नव्हता. खडू जरा रुतला. मी तोंडातल्या तोंडात शिव्या घातल्या.

"हे काय?" मामींनी विचारलं.

"तेवढा जुना पत्रा आहे. बाकी सगळा नवा आहे, माझ्यासमोर घातलाय. तेवढाच पातळ आहे."

मामींनी गोलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्या पायरीवर चढल्या, सीटवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि उजवी टाच नेमकी त्या गोलात ठेवून दाबली. एकदा हळू, मग चांगला जोर देऊन.

"घट्ट आहे की हो," त्या म्हणाल्या.

"आहेच घट्ट," मामा म्हणाले. "पण तुला माहीत असू दे."

मामींनी टाच उचलली नाही. दार स्वतःच ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "चला आता. बायका मशीन उघडून बसल्या असतील."