दादा येईपर्यंत धरलेली भुवई

मित्रांनो, मी एक जुना, जाड, सुती कागद आहे. माझ्या अंगावर कोळशाने काढलेला एका आईचा चेहरा आहे, म्हणजे त्यातला जेवढा उरला आहे तेवढा. तो तरी टिकावा म्हणून मी रोज देव पाण्यात घालून बसतो. माझं ऐकायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचा लगदा केला, तो चाळणीवर पसरला, दाबला, वाळवला आणि मी तयार झालो. माझी पाठ गुळगुळीत आणि छाती खडबडीत आहे. या खडबडीतपणाचा मला भारी तोरा होता, कारण कोळशाचे कण त्यातच अडकून बसतात. गुळगुळीत कागदावर कोळसा टिकतच नाही.

मला विकत घेतलं छोटीने. छोटी चित्रकार होती. तिचे केस पिकायला लागले होते, तरी घरात सगळे तिला छोटीच म्हणत. सगळे म्हणजे दोघंच. एक शिवणकाम करणारी तिची आई आणि दुसरा मालवाहू जहाजाच्या इंजिनावर काम करणारा तिचा दादा. दादा घरी असायचा थोडा आणि नसायचा फार.

छोटी कोळसा विकत आणत नसे. गॅलरीतल्या वेलीच्या काड्या सोलून ती पत्र्याच्या डब्यात ठासून भरायची, धूर निघायला झाकणाला बारीक भोक पाडायची आणि डबा शेगडीवर ठेवायची. आत पुरेशी हवा पोचत नाही, त्यामुळे काड्यांची राख होत नाही, छान मऊ कोळसा होतो. घरभर धूर मात्र व्हायचा.

"अगं, चित्र काढतेस का घर पेटवतेस?" आई खोकत खोकत विचारायची.

खोडायला छोटी पावाचा आतला मऊ भाग घ्यायची. कोळसा त्याने अलगद टिपला जातो. एकदा आईने तो पाव चहात बुडवून खाऊन टाकला आणि वर म्हणाली, "तुझं खोडरबर जरा शिळं होतं गं." अशी ही बाई. जिथे तिथे थट्टा.

पण चित्रासाठी बसायचं नाव काढलं की तिला हजार कामं आठवायची. फोटोचंही तेच. प्रत्येक फोटोत तिने तोंडासमोर हात धरलेला. म्हणून छोटीने शिलाई मशीनजवळच ठाण मांडलं. आईची एक लकब होती. थट्टा करायच्या आधी तिची डावी भुवई किंचित वर जायची. छोटीला तेवढीच भुवई हवी होती. ती काढायची, पावाने टिपायची, पुन्हा काढायची. माझी सालटी निघाली, पण मी हूं की चूं केलं नाही.

मग एका दुपारी आई मशीनवरून वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, "एवढं मोठं नाक काढलंस? त्याच्यावर कपडे वाळत घालता येतील!" आणि त्याच क्षणी छोटीचा हात चालला. दोनच फटकारे. भुवई सापडली! मला इतका आनंद झाला की काय सांगू.

चित्र पूर्ण झालं की कोळसा चिकटून राहावा म्हणून वर एक द्रव फवारतात. छोटीने तो आधी दुसऱ्या तुकड्यावर मारून पाहिला. भुवईखालचा फिकट राखाडी रंग त्याने गडद झाला. तसं झालं असतं तर आई हसायच्या बेतात न दिसता कपाळाला आठ्या घालून बसल्यासारखी दिसली असती. म्हणून छोटीने माझ्यावर काहीच फवारलं नाही. कोळसा माझ्या अंगावर नुसता टेकलेला राहिला.

पुढे आई आजारी पडली आणि गेली. दादाचं जहाज तेव्हा भर समुद्रात होतं. त्याचा फोन आला तेव्हा आवाज तुटत होता. "छोटे, शेवटी आई कशी दिसत होती गं?"

"शेवटचं नको विचारूस," छोटी म्हणाली. "माझ्याकडे तिचं हसणं आहे, चित्रात. मी जपून ठेवलंय. तू ये आणि बघ."

त्या दिवसापासून मला एकच काम उरलं. दादा येईपर्यंत ती भुवई धरून ठेवायची.

जहाज बंदराला लागणार होतं त्याच सुमारास तिथल्या एका कलादालनात प्रदर्शन होतं. दादा उतरून थेट तिथेच येईल, म्हणून छोटीने मला पाठवलं. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "काच नको, फुटते. ॲक्रिलिक लावा, दिसायला काचेसारखंच असतं." ॲक्रिलिक म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. छोटीने मान डोलावली. फ्रेमवाल्या काकांनी ते कोरड्या फडक्याने खसाखसा पुसून लखलखीत केलं आणि मधे जागा न सोडता माझ्या छातीवर ठेवलं.

मित्रांनो, केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे कसे ओढून घेतो, हे तुम्ही पाहिलं असेल. अगदी तसंच झालं. घासलेलं प्लास्टिक माझ्या अंगावरचे कण ओढू लागलं. सगळ्यांत आधी निघाला तो भुवईखालचा फिकट राखाडी. मी जिवाच्या आकांताने त्याला धरलं. माझा सारा खडबडीतपणा पणाला लावला.

उद्घाटनाला चित्रकारांनी आपली प्रेरणा आणि साहित्य यांविषयी बोलायचं होतं. एक गृहस्थ प्रेरणेवर इतके बोलले की साहित्याला वेळच उरला नाही. छोटीने काड्यांचा डबा सांगितला, पाव सांगितला. प्रेरणा विचारल्यावर म्हणाली, "ती बसायचीच नाही हो, म्हणून काढलं." टाळ्या पडल्या. लोक वाहवा करत होते आणि मी आतल्या आत ओरडत होतो, अहो, मला बाहेर काढा! ती चालली आहे!

रोज सकाळी सफाईवाल्या मावशी यायच्या. बोटांचे डाग दिसू नयेत म्हणून त्या फ्रेम मन लावून पुसायच्या. त्यांना कुठे ठाऊक होतं? प्रत्येक पुसण्यासरशी ओढ वाढायची आणि माझी पकड सुटायची. दादा, ये रे. लवकर ये. मी दुसरं काही मागितलं नाही.

दादा आला. खांद्यावरची बॅगही खाली न ठेवता तो माझ्यासमोर उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "छोटे, आई माझ्यावर रागावली होती का गं?"

छोटीने वर पाहिलं. पुसून पुसून प्लास्टिक किंचित खाली सरकलं होतं आणि भुवई डोळ्यावर उतरून आई आठ्या घालून बसल्यासारखी दिसत होती. छोटीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मला भिंतीवरून उतरवलं, फ्रेम उघडली, प्लास्टिक उचललं. भुवई त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली होती, उलटी, धुरकट.

"हीच!" दादा म्हणाला. "अशीच करायची ती!" आणि छोटी "हात नको लावू" म्हणेपर्यंत त्याने बोट टेकवलंसुद्धा.

भुवई पुसली गेली. दादा काळं झालेलं बोट समोर धरून उभा राहिला. ते कुठे ठेवावं हेच त्याला कळेना.

"पुन्हा काढ ना," तो लहान मुलासारखा म्हणाला. छोटीने कोळसा हातात घेतला, माझ्यावर वाकली आणि तशीच थांबली. "ती समोर असल्याशिवाय मला येत नाही रे," ती म्हणाली आणि रडू लागली.

आता मी कपाटात आहे. छोटीला माझ्याकडे बघवत नाही. माझ्यावर इतर कागदांचे गठ्ठे आहेत. कोणी एखादा कागद ओढला की मी घासला जातो आणि ओठांच्या कडेचं थोडं हसू आणखी निघून जातं. मित्रांनो, तुमच्या घरी असं चित्र असेल तर त्याच्यात आणि काचेत बोटभर जागा सोडा. त्याच्यावर ओझं ठेवू नका. आणि ज्याचं चित्र आहे तो माणूस अजून घरात असेल, तर बाहेर गेलेल्यांना आजच बोलावून घ्या. मी कागद आहे. मी फार वेळ धरून ठेवू शकत नाही.