आतला फोटो

मी लेन्स बोलतेय. धाराशिवकडच्या वाशीच्या गफार फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर बसलेली, बिनझूमची जुनी लेन्स. झूम न्हाय म्हणून मला कुणी गरीब समजू नका. जवळचं पाहायचं असेल तर माणसानं पाय उचलावेत, असं माझं साधं म्हणणं.

ऐकायला बसलाच आहात तर आधीच सांगते, ही गोष्ट लग्नाची आहे, पण आनंदाची न्हाय.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यातला. तिथलं मला काही आठवत न्हाय, आणि आठवून तरी करायचं काय? मला जाण आली ती सोलापुरात, एका दुकानात, जुन्या मालाच्या फळीवर. तिथनं गफारनं मला उचललं. माझ्यासोबतचं माहितीचं पुस्तक आधीच्या मालकानं हरवलं होतं. त्यामुळं मला काय येतं ते गफारला ठाऊक न्हाय, आणि गफारला काय येतं ते मला. दोघं चुकत चुकत शिकलो. त्याचा मला गर्व आहे. शिकवणी लावून तयार झालेले लई पाहिलेत मी. मांडवातली लाईट गेली की त्यांचे हात कापायला लागतात.

अकरा वर्षं झाली मला या धंद्यात. एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार न्हाय, ती मी सांगते. लग्नात माणूस चांगले कपडे घालतो, केस विंचरतो, निवांत हसतो. म्हणून पुढं तो माणूस गेला की घरचे गफारकडं येतात आणि म्हणतात, "त्या लग्नातला फोटो काढा, तेवढा चेहरा कापून द्या." चौकात श्रद्धांजलीचे फलक लागतात ना, त्यातले कितीतरी चेहरे माझ्याच समोर जिलेबी खात होते. जिलेबी तेवढी कापलेली असते. त्यामुळं लग्नात एखाद्या थकलेल्या चेहऱ्याकडं गफारनं मला वळवलं, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

आता सबिहाचं सांगते. गफारची ही चुलत बहीण. लग्नाआधी त्याच्याकडंच शिकली, माझ्यावरच तिचा हात बसला. मुसलमानांच्या निकाहात पुरुष बाहेर मांडवात बसतात आणि नवरी आत, बायकांत. घरचा एक जाणता माणूस वकील होतो. कोर्टातला नव्हे, नवरीच्या वतीनं बोलणारा. तो दोन साक्षीदार घेऊन आत जातो, नवरीला विचारतो, ती 'कबूल' म्हणते आणि मग बाहेर काझी निकाह पढवतात. बाहेरचे फोटो गफारचे, आतले सबिहाचे, अशी वाटणी होती. सबिहा मला घेऊन आत गेली की बायका पदर सैल सोडायच्या, दात दाखवून हसायच्या.

पुढं सबिहा लग्न होऊन धाराशिवला गेली. तिनं स्वतःचा कॅमेरा घेतला. एकदा येडशीच्या लग्नाला गफारनं तिला बोलावलं. अल्बम पाहून नवरदेवाचा चुलता म्हणाला, "गफारभाई, आतले फोटो कुणी काढले हो? बाहेरचे आपले नेहमीसारखे झालेत."

झालं. त्या दिवसापासून गफारनं सबिहाला बोलावलं न्हाय.

आणि खोटं कशाला बोलू? मलाही बरंच वाटलं. सबिहाच्या कॅमेऱ्यावर नवी लेन्स होती, चकचकीत, आवाज न करणारी. तिच्या शेजारी बसायची माझी तयारी नव्हती. माझ्या आतली मोटर तेव्हाच घासायला लागली होती. समोरचं स्पष्ट करताना कधीकधी ती पुढं जायची, मागं यायची, अडखळायची. मी जोर लावून निभावून न्यायची. गफारला कळू दिलं न्हाय.

यंदा एप्रिलमध्ये सायराबी आपल्या लेकीला, तबस्सुमला घेऊन दुकानात आली. तबस्सुमचे वडील समदभाई ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करायचे. दोन वर्षांपासून दुकान बंद. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा बार्शीला डायलिसिस. मंगनीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी मी त्यांना पाहिलं होतं. चेहरा राखेसारखा झालेला, गळ्याभोवती कॉलर बोटभर सैल. माझी पाल तेव्हाच चुकचुकली होती.

तबस्सुम खुर्चीवर बसलीसुद्धा न्हाय. म्हणाली, "गफारचाचा, बाकीचे फोटो तुम्हाला वाटतील तेवढे काढा. मला एकच पाहिजे. अब्बा वकील होणार आहेत. ते आत येऊन मला विचारतील, तो."

"निघंल की."

"कसा निघंल, भाई?" सायराबी म्हणाली. "आत सगळ्या बायका. तुम्ही येणार कसे? आणि मोबाइलचं तर तुम्हाला माहीतच आहे."

मोबाइलचं असं, की मागच्या वर्षी एका लग्नातले आतल्या पोरींचे फोटो गावभर फिरले. तेव्हापासून वाशीतल्या बायकांनी ठरवलं, आत मोबाइल न्यायचा न्हाय. दारात टोपलं ठेवतात. मग ती नवरीची मावशी असो न्हायतर डॉक्टरीण, मोबाइल टोपल्यात.

"सबिहाला बोलवा," सायराबी म्हणाली. "तिच्यावर सगळ्यांचा भरोसा."

"भाभी, सबिहाला कॅमेरा धरायला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. म्हणून तर बोलवा म्हणते."

गफार हसला, पण हसताना त्यानं माझ्यावर उगाच फडकं फिरवलं. राग आला की तो मला पुसतो. म्हणाला, "दाराला पडदा असेल ना? वकील आत जाताना तो वर धरायला सांगा. मी बाहेरून काढतो. किती वर्षं हेच करतोय."

तबस्सुम दारापर्यंत गेली आणि मागं फिरली. "चाचा, चुकला तर?"

"तुझ्या जन्माआधीपासनं फोटो काढतोय बेटी मी."

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली आणि गेली. पोरगी तिखट. मला आवडली होती.

चार दिवसांनी सबिहाचाच फोन आला. गफारनं तो स्पीकरवर टाकला होता, म्हणून मी ऐकलं.

"भाईजान, समदचाचांकडचं लग्न ऐकलं. त्या दिवशी मी मोकळी आहे."

"गरज लागली तर सांगतो."

"गरज लागंपर्यंत थांबू नका. चाचांची तब्येत मी पाहिलीय."

"मी पण पाहिलीय."

"मग मी पाहुणी म्हणून येते. कॅमेरा राहील जवळ. नाव तुमचंच लावा."

गफार फडक्यानं मला पुसत राहिला. तेवढ्यात त्याला 'हो' म्हणता आलं असतं. पण तो म्हणाला, "पाहुणी म्हणून ये. कॅमेरा घरी ठेव."

पलीकडून फोन बंद झाला. लग्नाला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत गफारनं दोनदा तिचा नंबर काढला आणि दोनदा फोन पालथा ठेवला. मी टेबलावर बसून पाहत होते. मला तोंड असतं तर मीही काही बोलले नसते, हे आज कबूल करते.

लग्न मे महिन्यातलं, दुपारचं. समदभाईंच्या दारातच मांडव. हवेत झळ अशी, की कापड हलत न्हाय पण गरम होतंय. आदल्या दिवशीच समदभाईंचं डायलिसिस झालेलं. पांढरा कुर्ता, टोपी, हातात पाण्याची लहान बाटली. पाणीही मोजून प्यायचं. ते खुर्चीवर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला उठून सलाम करत होते. लोक म्हणत, "बसा, बसा." ते काही ऐकत नव्हते.

आतल्या खोलीच्या दाराला नवा पडदा लावला होता. हिरवा, जरीच्या फुलांचा. दाराशी मोबाइलचं टोपलं. सबिहा आली, तिनं मोबाइल टोपल्यात टाकला, गफारकडं एकदा पाहिलं आणि रिकाम्या हातानं आत गेली.

वऱ्हाड भूमचं. नवरदेवाच्या मित्रांनी स्टेजवर गफारला धरून ठेवलं. "एक गॉगलवर घ्या, मामू. एक उडी मारताना घ्या. अहो, आता प्रत्येकाचा गॉगल याला घालून एकेक!" गफार सारखा पडद्याकडं पाहत होता. सायराबीच्या भावाला त्यानं सांगून ठेवलं होतं, वकील निघाले की हाक मार. पण बाहेर चाळीस माणसं बोलतायत, कूलर घरघरतोय, त्यात हाक कुठली ऐकू येणार? काझींना त्या दिवशी दुसराही निकाह होता. त्यांनी घाई केली.

गफारला दिसलं तेव्हा समदभाई दोन साक्षीदारांसह पडद्याशी पोचले होते.

तो स्टेजवरनं उडी टाकून धावला. खुर्च्या पाडल्या. पडदा कुणीतरी वर धरला होता, पण आतनं एका म्हातारीचा आवाज आला, "पडदा सोडा, पडदा सोडा!" पडदा खाली यायला लागला. खाली राहिलेल्या फटीत समदभाई गुडघ्यावर बसताना दिसले. त्यांच्यापुढं लाल ओढणी. गफारनं मला वर केलं.

माझ्याकडं एक श्वासभर वेळ होता. मी पुढं गेले, मागं आले. मोटर घासली. मी पुन्हा पुढं गेले. जे जवळ होतं तेच मला धरता आलं.

पडदा पडला.

आतनं काही ऐकू आलं न्हाय. थोड्या वेळानं बायकांत हुंदके उठले आणि समदभाई भिंतीला धरत बाहेर आले. बाहेर काझींनी निकाह पढवला, खारका वाटल्या. गफारनं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो पाहिला आणि स्क्रीन लगेच विझवली. तो समदभाईंच्या खुर्चीपाशी जाऊन वाकला.

"समदभाई, एक मिनिट आत चलता? नुसतं तसं बसायचं. परत विचारल्यासारखं."

समदभाई हसले. हसताना त्यांना खोकला आला. "गफार, हे एकदाच विचारायचं असतं. परत विचारलं आणि पोरगी न्हाय म्हणाली, तर नवरदेवाला काय तू भूमला सोडायला जाणार?"

आजूबाजूची माणसं हसली. गफारही हसला. संध्याकाळी स्टेजवर बापलेकीचे पाच-सहा फोटो मी काढले. सगळे चांगले आले. ते कुणी मागितलेच नव्हते.

लग्नानंतर एकोणिसाव्या दिवशी समदभाई गेले.

चाळिसावा झाल्यावर तबस्सुम दुकानात आली. सोबत सबिहा होती. गफारनं संगणकावर तो फोटो उघडला. पडद्याचं एकेक फूल स्वच्छ दिसत होतं. जरीचा उसवलेला एक धागासुद्धा. खाली, फटीत, एक पांढरा डाग आणि एक लाल डाग.

गफार भराभर बोलायला लागला. "हे नीट करता येतं आता. स्टेजवरच्या फोटोतला त्यांचा चेहरा इथं लावतो, पडदा काढून टाकतो. कुणाला कळणार न्हाय."

"मला कळंल, चाचा."

तिनं पुढं वाकून पाहिलं. बोट पांढऱ्या डागावर ठेवलं, काढून घेतलं. "पडदा मात्र लई छान आलाय," ती म्हणाली. "अम्मीला सांगते, पैसे वसूल झाले."

तबस्सुमनं सबिहाकडं वळून विचारलं, "फुफी, तुम्ही जवळ होता. अब्बा हसत होते का रडत होते? मी मान वर केलीच न्हाय."

सबिहा म्हणाली, "हसत होते. हात मात्र कापत होता. तुझ्या डोक्यावर ठेवायला त्यांनी दोनदा उचलला." बोलताना तिनं स्वतःचे दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले होते, कॅमेरा धरल्यासारखे. तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं ते खाली घेतले.

तो फोटो तबस्सुमनं आहे तसा मागून घेतला. कशासाठी, ते तिला विचारायची गफारची छाती झाली न्हाय.

अजूनही मी कॅमेऱ्यावरच आहे. माझ्या काचेत बुरशीचा एक पांढरा धागा फुटलाय. तो वाढतो, थांबत न्हाय. उद्या सास्तूरला निकाह आहे. नवरीची आई काल येऊन गेली. बोलताना तिला दम लागत होता, दोन वाक्यांमध्ये ती टेबलाला धरत होती. "आत मी तिच्याजवळ बसणार," म्हणाली, "तेवढा एक आमचा दोघींचा घ्या."

गफारच्या हातात फोन आहे. सबिहाचं नाव वर आलंय. अंगठा त्याच्यावर थांबलाय, कधीचा.

माझा गर्व मी सोडला. माझ्या शेजारी नवी लेन्स बसू दे, सगळे फोटो तिचे होऊ दे. फोन लाव, गफार. ती बाई उद्या एकदाच तिथं बसणार आहे.